आरोपीच्या पिंजऱ्यात कोण?



१४५७ सालच्या जानेवारीत फ्रान्समधल्या साविन्यी गावी एक खटला चालला. पाच वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता आणि आरोपी होती एक डुकरीण. अंगाला रक्त लागलेलं दिसलं म्हणून तिची सहा पिल्लंही धरून आणली होती. न्यायाधीश बसले, साक्षीपुरावे झाले, जाणत्यांचा सल्ला घेतला गेला आणि डुकरिणीला मागच्या पायांनी टांगून मारण्याची शिक्षा झाली. पिल्लांनी गुन्ह्यात भाग घेतल्याचा पुरावा मिळेना, म्हणून त्यांना सोडून दिलं. त्याच्याही आधी, १३८६ मध्ये, नॉर्मंडीतल्या फालेझला दुसऱ्या एका डुकरिणीला माणसाचे कपडे चढवून फासावर दिलं होतं. मध्ययुगातल्या युरोपात असे खटले बरेच झाले. एडवर्ड इव्हान्स या अमेरिकन अभ्यासकाने १९०६ साली त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं.

हे ऐकून चमत्कारिक वाटतं. ते का वाटतं, हे मात्र नीट पाहायला हवं. डुकरिणीने मूल मारलं याबद्दल गावात कुणाला शंका नव्हती. आपल्याला खटकतं ते एवढंच की आपण केलं ते वाईट, हे तिला कळणं शक्य नव्हतं. ज्याला कळत नाही त्याला शिक्षा कसली? हाच न्याय आपला कायदा माणसालाही लावतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २० प्रमाणे सात वर्षांखालच्या मुलाने काहीही केलं तरी तो गुन्हा होत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला आपल्या कृत्याचं स्वरूप आणि परिणाम समजण्याइतकी जाण होती का, हे कलम २१ खाली पाहिलं जातं. मनोरुग्णासाठी कलम २२ आहे. जुन्या दंड संहितेत याच तरतुदी ८२ ते ८४ या कलमांत होत्या. सदसद्विवेकबुद्धी माणूस जन्मतःच बरोबर घेऊन येतो असं कायदाही मानत नाही. ती हळूहळू येते आणि एखाद्या आजारात सोडूनही जाते.

तरीसुद्धा माणूस आणि जनावर यांच्यामधली भिंत कोणती, असं विचारलं तर बहुतेक जण सदसद्विवेकबुद्धीकडेच बोट दाखवतात. खाणंपिणं, झोप, भीती, वंशवाढ यांत दोघे सारखेच, फरक काय तो धर्माचा, अशा अर्थाचं सुभाषित हितोपदेशात आहे आणि ते कितीतरी पिढ्यांनी पाठ केलं आहे.

आपल्याच परंपरेने दुसरी बाजूही रंगवून ठेवली आहे, आणि तीही महाराष्ट्रात. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली जातकचित्रं आहेत. महाकपी जातकातला वानरराजा कळपाला सुखरूप पलीकडे नेण्यासाठी स्वतःच्या देहाचा पूल करतो आणि त्यात प्राण गमावतो. मातृपोषक जातकातला हत्ती आंधळ्या आईपासून तोडल्यावर राजाच्या हत्तीखान्यात चाऱ्याला सोंड लावत नाही. रुरू जातकातलं हरीण बुडणाऱ्या माणसाला काठावर आणतं आणि तोच माणूस बक्षिसाच्या लोभाने राजाला त्याचा ठावठिकाणा सांगतो. इथे कृतघ्न ठरला आहे तो माणूस. ही जनावरं म्हणजे पूर्वजन्मीचे बोधिसत्त्व, त्यामुळे त्या चित्रांना कुणी प्राणिशास्त्र म्हणणार नाही. पण दया, त्याग, कृतज्ञता हे गुण जनावराच्या अंगी दाखवताना त्या काळच्या लोकांना जराही अवघडल्यासारखं झालं नाही, हे त्या भिंतींवर स्पष्ट दिसतं.

विज्ञानाच्या बाजूने हा प्रश्न सरळ अंगावर घेतला तो चार्ल्स डार्विनने, १८७१ च्या 'डिसेंट ऑफ मॅन' या ग्रंथात. माणूस आणि इतर प्राणी यांच्यात जे जे फरक आहेत त्यांत नीतीची जाणीव हा सर्वांत महत्त्वाचा, हे तो सुरुवातीलाच मान्य करतो. मग ही जाणीव आली कुठून, याचा माग काढायला लागतो. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका रखवालदाराची हकिकत त्याने दिली आहे. पिंजऱ्यात काम करत असताना एका दांडग्या बबूनने रखवालदाराच्या मानेवर झडप घातली. त्याच पिंजऱ्यात एक चिमुकलं अमेरिकन माकड राहत होतं. एरवी त्या बबूनच्या वाऱ्यालाही उभं न राहणारं ते माकड किंचाळत धावलं, बबूनला चावे घेत सुटलं आणि तेवढ्या गडबडीत रखवालदार निसटला.

पण डार्विनचं सर्वांत खोल उदाहरण पाकोळीचं आहे. हिवाळ्याआधी थव्याबरोबर दक्षिणेला निघायची ओढ इतकी अनावर होते, की काही पाकोळ्या उशिरा जन्मलेली पिल्लं घरट्यात तशीच टाकून उडून जातात. पिल्लं उपाशी मरतात. लांबचा प्रवास संपला, ती ओढ शमली आणि अशा वेळी उत्तरेकडच्या गारठ्यात मरणारी पिल्लं त्या आईच्या डोळ्यांसमोर सारखी येत राहिली, तर तिला काय यातना होतील, असं डार्विन विचारतो. या एका प्रश्नात त्याने सदसद्विवेकबुद्धीची घडणच उलगडून दाखवली आहे. पाकोळीच्या ठायी माया होती, कालपरवापर्यंत ती त्याच पिल्लांसाठी दिवसभर किडे वेचत होती. एका जबर पण थोड्या वेळच्या ओढीने त्या मायेवर मात केली. असं माणसाचंही रोज होतं. राग येतो, लोभ सुटतो, भीती वाटते आणि हातून नको ते घडतं. मग राग ओसरतो, पण माया आणि आठवण दोन्ही शिल्लक राहतात, आणि रात्री झोप लागत नाही. डार्विनच्या मते कळपाने राहणाऱ्या कोणत्याही प्राण्याची बुद्धी माणसाइतकी वाढली तर त्याच्याही मनाला अशी टोचणी लागल्यावाचून राहणार नाही.

त्याच ओघात त्याने एक अस्वस्थ करणारी शक्यताही मांडली. माणसं मधमाश्यांसारख्या परिस्थितीत वाढली असती, तर अविवाहित बायकांना आपल्या भावांना ठार मारणं हे पवित्र कर्तव्य वाटलं असतं आणि त्यात काही गैर आहे असं कुणाच्या मनातही आलं नसतं. या मधमाश्या ध्यानात ठेवायला हव्यात. पुढे त्यांचं काम पडणार आहे.

डार्विनला हकिकतींवर भागवावं लागलं. आज प्रयोग आहेत, आणि त्यांतला एक तपशिलाने पाहण्यासारखा आहे.

शिकागो विद्यापीठात पेगी मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली तो प्रसिद्ध केला. एका चौकोनी खोक्याच्या मधोमध पारदर्शक प्लॅस्टिकची अरुंद नळी. नळीत एक उंदीर कोंडलेला, इतक्या अडचणीत की त्याला धड वळताही येऊ नये. नळीचं दार फक्त बाहेरून उघडतं. खोक्यात दुसरा उंदीर मोकळा, आत अडकलेल्याचा काही दिवसांचा सोबती. मोकळा उंदीर आधी भेदरतो. उघड्या जागेत यायला उंदरांना भीती वाटते, ते कडेकडेने पळतात. हळूहळू तो नळीभोवती घुटमळायला लागतो, फटीतून नाक खुपसतो, दाराला धडका देतो. असे दिवस जातात. एके दिवशी दार अवचित कलंडतं आणि आतला बाहेर येतो. पुढच्या खेपेपासून मोकळा उंदीर खोक्यात सोडल्याबरोबर थेट दाराशी जातो. ३० पैकी २३ उंदीर दार उघडायला शिकले. सहा माद्या होत्या, त्या सहाही शिकल्या. नळी रिकामी असली किंवा तिच्यात खेळण्यातला उंदीर ठेवला, तर दाराची एवढी फिकीर कुणी करत नव्हतं.

उंदराला सोबत हवी म्हणून त्याने दार उघडलं असेल, अशी शंका रास्त आहे. म्हणून सुटलेला उंदीर दुसऱ्याच कप्प्यात जाईल, दोघांची गाठ पडणार नाही, अशी सोय करून पाहिलं. तरी उंदरांनी दार उघडणं सोडलं नाही. मग शेजारी आणखी एक नळी ठेवून तिच्यात चॉकलेटचे पाच तुकडे घातले. मोकळ्या उंदराला आधी सगळं फस्त करून मग सोबत्याला सोडवता आलं असतं. उंदरांनी दोन्ही दारं उघडली आणि सुटून आलेल्याच्या वाट्याला सरासरी दीड तुकडा राहिला.

त्याच चमूने पुढे दोन गोष्टी दाखवल्या, आणि माणसाचा विचार करताना त्यांचं मोल जास्त आहे. एक २०१४ सालची. पांढऱ्या जातीचा उंदीर अनोळखी पांढऱ्या उंदराला सोडवतो, पण काळ्या-पांढऱ्या जातीचा उंदीर अडकला असेल तर त्याच्यासाठी दार उघडत नाही. मात्र त्याला अशा एका उंदराबरोबर दोन आठवडे ठेवलं, तर तो त्या जातीच्या अनोळखी उंदरांनाही सोडवायला लागतो. आणि जन्मापासून परजातीच्या उंदरांतच वाढलेला पांढरा उंदीर स्वतःच्या जातीकडे पाठ फिरवतो. आपलं कोण आणि परकं कोण, हे रक्तावर ठरलं नाही. ते सहवासावर ठरलं. दुसरी गोष्ट २०१६ सालची. मोकळ्या उंदराला मिडाझोलॅम हे चिंता शमवणारं औषध दिलं. त्याची हालचाल व्यवस्थित होती, चॉकलेटसाठी तो दार उघडत होता. सोबत्यासाठी उघडेना. दुसऱ्याच्या धडपडीने त्याला स्वतःला जे अस्वस्थ वाटायचं ते औषधाने काढून घेतलं होतं, आणि त्याबरोबर मदतही गेली.

परदुःख शीतळ म्हणतात. उंदराला ते शीतळ लागत नाही, एवढं या प्रयोगांवरून म्हणता येतं. हत्तींची गोष्टही याच्याशी जुळते. थायलंडमध्ये २६ पाळीव हत्तींचं निरीक्षण करून जोशुआ प्लॉटनिक आणि फ्रान्स द वाल यांनी २०१४ मध्ये नोंदवलं, की एखादा हत्ती घाबरला की बाकीचे त्याच्याजवळ येतात, सोंडेने त्याचं तोंड चाचपतात, हलका आवाज काढतात. १६ ऑगस्ट १९९६ रोजी अमेरिकेतल्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचा मुलगा गोरिलांच्या आवारात पडला, तेव्हा बिंटी जुआ ही मादी स्वतःचं पिल्लू पाठीवर असताना त्या बेशुद्ध मुलाला उचलून रखवालदारांच्या दारापाशी घेऊन आली. दया माणसापासून सुरू झाली, हे म्हणणं आता टिकत नाही.

मात्र दयेलाच सदसद्विवेकबुद्धी म्हणता येईल का? घरोघरचं उदाहरण कुत्र्याचं. बाहेरून यावं तर उशी फाटलेली आणि कुत्रा शेपूट घालून, कान पाडून, नजर चुकवत कोपऱ्यात बसलेला. मालक म्हणतो, बघा, केलंय ते त्याला कळतंय. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी हे १४ कुत्र्यांवर पडताळून पाहिलं आणि निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध केले. मालकाने खाऊला तोंड लावायचं नाही असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. काही वेळा कुत्रा खाऊ खायचा, काही वेळा खायचा नाही, आणि मालकाला कधी खरं सांगितलं जायचं, कधी खोटं. तो अपराधी चेहरा दिसायचा तो मालक रागावला की. खाऊ खाल्ला होता की नव्हता, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. उलट, काहीही न करता बोलणी बसलेल्या कुत्र्यांचे चेहरे जास्त अपराधी दिसले. कुत्रा धन्याचा राग वाचत होता, आणि त्यात तो पटाईत आहे. जनाची नाही तरी मनाची लाज असावी, असं आपण म्हणतो. कुत्र्यापाशी जनाची लाज भरपूर आहे. मनाची असल्याचा पुरावा या प्रयोगात मिळाला नाही.

माकडांचा द्राक्षं-काकडीचा प्रयोग पुष्कळांना माहीत असेल. सारा ब्रॉस्नन आणि द वाल यांनी तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. खडा परत दिल्याबद्दल काकडीचा तुकडा आनंदाने खाणारं कॅपुचिन माकड, शेजारच्या माकडाला त्याच कामासाठी द्राक्ष मिळालेलं पाहिलं की काकडी नाकारतं, कधी फेकूनही देतं. काहींच्या मते हा नुसता अपेक्षाभंग आहे. तसं असेलही, पण न्यायाची चाड तिथूनच सुरू होत असावी असं मानायला जागा आहे. लक्षात घ्यायचं ते हे की ओरडतं ते काकडीवालं माकड. चिंपांझींवरच्या २०१० मधल्या अभ्यासात काहींनी, शेजाऱ्याला गाजर मिळत असताना, स्वतःला मिळालेलं द्राक्ष नाकारल्याची नोंद आहे. ती किती वजनदार ठरेल ते पुढचं संशोधन सांगेल. आपल्यावर अन्याय झाला की चीड येणं आणि आपल्याकडून दुसऱ्यावर अन्याय होतोय म्हणून अन्न गोड न लागणं, या दोहोंत फार मोठं अंतर आहे. ते अंतर माणसाने तोडलं आहे, असा आपला दावा असतो. तो तपासून पाहायला पाहिजे.

१९६४ साली अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ज्यूल्स मासरमन यांनी ऱ्हीसस माकडांना साखळी ओढून अन्न मिळवायला शिकवलं. दोन साखळ्या होत्या. मग त्यांतली एक ओढली की काचेपलीकडच्या दुसऱ्या माकडाला विजेचा झटका बसेल अशी जोडणी केली. बहुतेक माकडांनी ती साखळी टाळायला सुरुवात केली, त्यामुळे पोटाला कमी मिळत असतानाही. एका माकडाने पाच दिवस आणि दुसऱ्याने बारा दिवस कोणतीच साखळी ओढली नाही. ती उपाशी राहिली. ज्यांनी स्वतः पूर्वी झटके खाल्ले होते ती दुसऱ्याला झटका द्यायला जास्त कचरत होती.

त्याच सुमाराला, १९६१ पासून, येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम माणसांवर प्रयोग करत होते. समोरच्याने उत्तर चुकवलं की त्याला झटका द्यायचा, दर चुकीला १५ व्होल्ट वाढवत, ४५० पर्यंत. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. पहिल्या ४० पुरुषांपैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांना उपास घडणार नव्हता. 'प्रयोग पुढे चालू राहिला पाहिजे' असं सांगणारा एक माणूस पाठीशी उभा होता, इतकंच.

या दोन प्रयोगांवरून माकडं माणसांपेक्षा नीतिमान ठरवण्याची घाई करू नये. मिलग्रॅमच्या नोंदींत एक तपशील आहे. ती माणसं घामाघूम होत होती, थरथरत होती, ओठ चावत होती. दुसऱ्याची वेदना त्यांना पोचत होती. मिडाझोलॅम दिलेल्या उंदराची अस्वस्थता गेली होती. यांची जागच्या जागी होती, तरी हात बटणावरून निघेना. कारण माणसाला हुकूम समजतो. शास्त्र, नियम, पद, हेतू, 'मोठ्या भल्यासाठी' हे शब्द समजतात. माकडाला ते समजत नाहीत, म्हणून त्याच्या दयेवर त्यांची मात्रा चालत नाही. ज्या बुद्धीमुळे आपण स्वतःच्या कृत्याकडे वळून पाहू शकतो, तीच बुद्धी ते कृत्य योग्य असल्याची खात्रीही पटवून देते. आणि मासरमन यांच्या प्रयोगातल्या त्या बारा दिवसांकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: माकडात दया आहे का हे पाहण्यासाठी खरे झटके माणसांनी जोडले होते.

हिंसेच्या बाबतीतही असंच दिसतं. आपल्या शेजारच्या धारवाडला युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला. बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो आणि आधीच्या नराची दूधपिती पिल्लं मारून टाकतो, हे त्यांनी नोंदवलं. अबूच्या डोंगरावर सारा हर्डी यांनी १९७० च्या दशकात तेच पाहिलं आणि कारणही मांडलं: पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. काही म्हाताऱ्या माद्या अशा नरावर धावून जातात, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. यात नराला दोषी धरण्यात साविन्यीच्या न्यायाधीशांइतकीच चूक होईल. पण पुण्यात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना बालहत्या प्रतिबंधक गृह काढावं लागलं, ते कशामुळे? विधवेला दिवस गेले की समाजाच्या धाकाने नवजात अर्भकाचा जीव घेतला जात होता. आईची माया आणि अर्भकाचा टाहो यांच्यामध्ये जे उभं राहत होतं त्याला लोक नीती म्हणत होते. डार्विनच्या मधमाश्या इथे आठवतात. तान्ह्या जिवाचा घास घेणारा नियम पाळणं, हे त्या समाजाला कर्तव्य वाटत होतं.

आता महाडकडे येऊ. सदसद्विवेकबुद्धीची महाराष्ट्रातली इतकी उघडी परीक्षा दुसरी झालेली नसेल.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात काही बदललं नाही. त्या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती. अस्पृश्याने ओंजळ भरली तर तळं बाटत होतं. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. थोड्याच वेळात गावात आवई उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परिषदेला आलेल्यांवर लाठ्याकाठ्यांनी हल्ला झाला. नंतर तळ्याची शुद्धी करण्यात आली. तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसलं आणि दूध, दही, शेण, गोमूत्र घातलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या.

हे करणाऱ्यांना मनच नव्हतं, असं म्हणून सुटका होत नाही. त्यांच्यातले बहुतेक जण घरी मायाळू बाप आणि आज्ञाधारक मुलगे असतील, दारच्या गाईला घास दिल्याशिवाय जेवत नसतील. त्यांच्या मनाला टोचणी लागलीही होती. पण ती तळं बाटल्याची होती, माणसांची डोकी फुटल्याची नव्हती. पांढऱ्या उंदराला परक्या जातीसाठी दार उघडायला दोन आठवड्यांचा सहवास पुरला. महाडच्या आळ्या आणि वाडे शतकानुशतकं एकमेकांशेजारी होते, शेतात, बाजारात, बाळंतपणात एकमेकांवाचून कुणाचं चालत नव्हतं, आणि तरी दार उघडलं नव्हतं. विटाळाच्या नियमाने नेमकं त्या मिडाझोलॅमचं काम केलं होतं. समोरच्याच्या तहानेने जिवाची जी घालमेल व्हायची ती होऊच नये, अशी तजवीज तो नियम करत होता, आणि वर पुण्याचं समाधान देत होता. असं औषध स्वतःसाठी घडवणारा दुसरा प्राणी आजवर कुणाला आढळलेला नाही.

पण महाडमध्ये आणखीही माणसं होती. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस सवर्ण होते, आणि ते परिषदेच्या बाजूने उभे राहिले. अनंतराव चित्रेही सवर्ण. परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, सगळ्यांनी आत्ताच तळ्यावर जाऊ या, असं भर सभेत म्हणणारे ते. डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची तर महाडमध्ये कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी. तोवर नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला होता आणि सवर्णांनी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला होता, त्यामुळे या वेळी तळ्यावर जाणं बाबासाहेबांनी लांबणीवर टाकलं. पण आपण तिथे जाणार ते केवळ पाणी पिण्यासाठी नाही, आपणही माणसंच आहोत हे सिद्ध करण्यासाठी, असं त्यांनी त्या सभेत स्पष्ट केलं आणि या परिषदेची तुलना १७८९ सालच्या फ्रान्समधल्या राष्ट्रीय सभेशी केली. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृती जाळण्यात आली. तसा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे ब्राह्मण होते.

उंदीर, हत्ती, माकड, गोरिला यांच्यात जे जे पाहिलं त्यात सहस्रबुद्ध्यांच्या कृतीसारखं काही नाही. दया आहे, चीड आहे, ओळखीपलीकडे मदतीला धावून जाणंही आहे. स्वतःला उंच बसवणारा नियम उचलून, ज्यांच्यावर तो लादला त्यांच्यासमोर त्याची झडती घेणं तेवढं त्यांच्यात कुठे दिसत नाही. तुकोबांनी खऱ्याखोट्याच्या निवाड्याला स्वतःचं मन साक्षी धरलं आणि जगाच्या मताला त्या कामी किंमत दिली नाही, ते याच जातीचं काम. माणसाचं वेगळेपण कुठे शोधायचं तर ते इथे, आणि मग हेही मान्य करावं लागतं की ते माणूस म्हणून जन्मलेल्या सगळ्यांच्या वापरात नाही. त्या वर्षी महाडमध्ये शुद्धीच्या घागरी उचलणारे हात अनेक होते. सभेत उभे राहिलेले सवर्ण बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांच्या मेंदूत काही निराळं होतं असं मानायला आधार नाही. फरक होता तो ते कुणाबरोबर उठत-बसत होते, कुणाचं म्हणणं समोर बसून ऐकत होते, यात. सहस्रबुद्धे, चित्रे, टिपणीस ही माणसं बाबासाहेबांबरोबर काम करणारी होती. सहवासाचं काम तेवढं उंदरासारखंच चाललं. त्यापुढचा निवाडा मात्र त्यांना स्वतः करावा लागला, आणि त्याची किंमत आपल्याच आळीत मोजावी लागली.

चवदार तळ्याचा दावा दहा वर्षं रेंगाळला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांचं, १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे तेच. सवर्ण वादींचं म्हणणं होतं की अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. ती तशी असल्याचं त्यांना सिद्ध करता आलं नाही, या मुद्द्यावर ते हरले. वहिवाट खरोखरच तितकी पुरातन निघाली असती तर काय, हे ठरवायची वेळ न्यायालयावर आली नाही. सहस्रबुद्ध्यांनी ग्रंथ जाळण्याचा ठराव मांडला, तेव्हा तो पुरातन आहे आणि आपल्याच बाजूचा आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.